भाचीचा प्रश्न आणि गप्प बसलेली साधनं

संक्रांतीला अमळनेरला ताईकडे गेलो होतो. आठ वर्षांच्या भाचीने दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत धने आणि सूर्यफुलाचं बी पेरलं होतं. आता कोथिंबिरीला पांढरी फुलं आली होती आणि त्यांवर छोट्या फुलोरी माश्या घोंगावत होत्या. शेजारी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : 'फुले तोडू नये. माश्यांसाठी आहेत.' हा इशारा आजीसाठी होता, कारण पहिलं सूर्यफूल देवापुढे गेलं होतं.

मला बघून तिने विचारलं, "मामा, पूर्वी इथली मुलं माश्यांसाठी फुलं लावायची का? तू इतिहासवाला ना?"

मला उत्तर देता आलं नाही. पण संशोधनाची तयारी करताय म्हणून तुम्हाला सांगतो, या प्रश्नाच्या मागे लागलं की साधनं कशी वाचायची ते कळतं.

पहिलं साधन सहज सुचतं ते १८८० चं खानदेश गॅझेटियर. ते महसूल आणि प्रशासनासाठी तयार झालं. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्यामुळे कापूस हा सरकारच्या जिव्हाळ्याचा विषय. कापसाच्या फुलावरही माश्या येतात, पण कारकुनाला हवं होतं बोंड. मुलांचा वाफा तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून काय, 'नोंद नाही म्हणजे असं घडलंच नाही' असं लिहायचं? नाही. नोंद कोणी, कशासाठी ठेवली हे आधी विचारा. तिथली शांतता मुलांबद्दल फार काही सांगत नाही, नोंद ठेवणाऱ्याबद्दल मात्र बरंच सांगते.

दुसरं साधन मोहात पाडणारं आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढत. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. त्यात 'मुकी फुले' नावाचं प्रकरण आहे. मुलं आदल्या दिवशीच कळ्या तोडून आणतात आणि आई समजावते की फुलं झाडावर फुलू द्यावीत. हे वाचून मी उडालोच. भाचीच्या पुठ्ठ्याचा पूर्वज सापडला!

पण थांबा. प्रसंग कोकणातला, खानदेशातला नाही. आठवण बालपणाची, पण लिहिणारा तेहतीस वर्षांचा आणि तुरुंगात. आईच्या बोलण्यात मधमाशीही नाही, ती माझ्या डोक्यात होती. लेखक अमळनेरला राहिला म्हणून त्याचं पुस्तक अमळनेरचा पुरावा होत नाही. मात्र कळी तोडावी की नाही यावर मराठी घरात बोलणं होत असे, एवढं त्यातून म्हणता येतं. तेवढंच म्हणा.

तिसरं साधन थेट इंग्लंडमधलं. मुलं आणि माश्या एकत्र कुठे सापडतात, हे शोधताना चार्ल्स डार्विनपाशी पोचलो. १८५४ मध्ये आपल्या घराच्या आवारात नर भुंगे ठरलेल्या वाटेने उडतात का, हे ते पाहत होते. भुंगे भराभर जात, म्हणून त्यांनी आपल्या मुलांना जागोजागी उभं केलं. भुंगा दिसला की मुलाने ओरडायचं! ही टिपणं डार्विन यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. तरी मुलांचा वाटा आपल्याला कळतो, कारण बापाने तो लिहून ठेवला. नाहीतर तीही पोरं गॅझेटियरमधल्या पोरांसारखी नाहीशी झाली असती.

म्हणजे भाचीचा मूळ प्रश्न तसाच राहिला. पण मला माझा प्रश्न मिळाला : मुलांनी केलेलं निरीक्षण कागदावर केव्हा उतरतं, आणि कोणामुळे? याची साधनं शोधता येतात. शाळांची हस्तलिखितं, निसर्गाभ्यासाच्या वह्या, वसतिगृहांचे अहवाल आणि त्या काळी शाळेत असलेल्यांच्या मुलाखती. तुमचाही पहिला प्रश्न असाच फसला तर घाबरू नका. तो का फसला हे नीट लिहून काढा, प्रबंधाचं पहिलं प्रकरण बऱ्याचदा तिथेच असतं.

निघताना भाचीला शंभर पानी वही दिली. तारीख, वेळ, कोणतं फूल, किती माश्या. आजीने विचारलं, "आणि देवाला फूल?" भाचीने विचार करून सांगितलं, "माश्यांचं झालं की देवाला."

पहिल्या पानावर तिने आजीचा प्रश्नही लिहिलाय. मी काही सांगितलं नव्हतं.