बालमृत्यूचा हिशेब आणि संगणकातील केर

१६६२ साली लंडनच्या जॉन ग्राँट नामक व्यापाऱ्याने शहरातील मृत्यूंची पत्रके तपासून एक कोष्टक प्रसिद्ध केले. जन्मलेल्या १०० जिवांपैकी ३६ जण सहा वर्षांच्या आतच जातात, असा त्याचा अंदाज होता. संगणकाचा इतिहास सांगताना हे कोष्टक आम्ही मुद्दाम आधी ठेवीत आहो, कारण तेथेही प्रश्न आयुर्मानाचाच आहे.

चालू प्रोग्राम मेमरीत क्षणोक्षणी नव्या वस्तू निर्माण करतो, आणि त्यांतील पुष्कळ लवकरच निरुपयोगी होतात. त्यांनी अडवलेली जागा यंत्रानेच सोडवून घ्यावी, ही युक्ती जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी योजिली व १९६० साली प्रसिद्ध केली. तिला ‘गार्बेज कलेक्शन’, म्हणजे सरळ केर काढणे, असे नाव पडले. पण दर खेपेस सारे घर झाडणे महागात पडे. तेव्हा १९८३ मध्ये लीबरमन व ह्यूइट यांनी, आणि पुढच्याच वर्षी अंगर यांनी, वयावरून वस्तूंच्या पिढ्या पाडल्या. तरुण पिढी वारंवार झाडावी, वाचतील त्यांना वरच्या पिढीत धाडावे. आधार एवढाच, की बहुतेक वस्तू बालपणीच मरतात.

एवढा आधार पुरे काय? १९९३ साली हेन्री बेकर यांनी तो पुरत नाही असे दाखविले. वस्तू किरणोत्सर्गी अणूंप्रमाणे नष्ट होतात असे धरा. अर्धायुष्य हवे तितके लहान घ्या. बालमृत्यू हवे तितके वाढतील. तरीही तासभर तगलेली वस्तू आणि आत्ताच जन्मलेली वस्तू यांना पुढच्या क्षणीचा धोका सारखाच! मग वय पाहून निवड ती कसली? क्लिंगर व हॅन्सन यांनी १९९७ मध्ये हे गणित पुढे नेले, तेव्हा निष्कर्ष अधिकच खोचक निघाला. अशा जगात तरुण पिढीच झाडीत बसणे उलट तोट्याचे. तिला मरायला अवधीच मिळालेला नसतो. केर थोडा, जिवंतांची हलवाहलव फार. त्यापेक्षा नवागतांना काही काळ हात न लावणे बरे. खरा प्रश्न, जगलेल्याचा धोका वयाबरोबर घटतो की नाही, हा होता. हे दोन प्रश्न एकच समजण्याची चूक आम्हीही बरेच दिवस करीत होतो.

अखेर २००० साली स्टेफानोविच, मॅकिन्ली व मॉस यांनी स्मॉलटॉक आणि जावा भाषांतील ५८ प्रोग्रामांतील वस्तूंची आयुष्ये प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहिली. पूर्वी सुचविलेले एकही प्रारूप जुळेना. ठळक आकारात जुळले ते ‘गॅमा’ वितरणांचे कुटुंब, जे संख्याशास्त्रज्ञ लोकसंख्येच्या आयुर्मानाचा हिशेब करताना वापरतात.