स्वारी गेली, तट राहिला

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकाला लागून एक रस्ता उत्तरेकडे जातो. त्याचे नाव वॉल टॅक्स रोड. मार्च 1769 मध्ये हैदरअलीचे घोडेस्वार सांथोमपर्यंत आले, इंग्रजांना तह करावा लागला, आणि पुढे ब्लॅक टाउनभोवती पक्का तट उभा राहिला. त्याचा खर्च रहिवाशांवर कर बसवून काढायचा बेत होता. तट बहुतेक नाहीसा झाला, कराचे नाव तेवढे उरले.

घोडदळाची धास्ती मात्र या मुलखाला हैदरच्या आधीपासून होती, आणि ती बसवणाऱ्यांत आपली माणसे होती.

मे 1740 मध्ये शाहू महाराजांच्या आज्ञेवरून निघालेल्या रघूजी भोसल्यांच्या फौजेने दामलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्तअली याला ठार केले. वर्षअखेरीस परंगीपेट्टै हे बंदर लुटले. मार्च 1741 मध्ये त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला गेला. आपल्या इतिहासात याचे नाव ‘कर्नाटकची स्वारी’. ज्यांच्या दारात घोडी उभी राहिली त्यांनी तिला स्वारी म्हटले नसेल.

मराठे भटके नव्हते. घर, शेत, वतन सांभाळून मोहिमेवर निघणारी ती माणसे. पण परमुलखात वेगाने शिरून तिथल्याच दाण्यावैरणीवर जगणारे त्यांचे घोडदळ उघड्या गावांना स्टेपमधल्या टोळ्यांहून फारसे वेगळे भासले नसावे. 1241 मध्ये बातूच्या मंगोलांनी मोहीच्या मैदानात हंगेरीचे सैन्य बुडवले आणि पुढच्याच वर्षी ते परतले. राजा चौथा बेला शहाणा झाला. त्याने सरदारांना दगडी किल्ले बांधायला लावले, बुडाच्या टेकडीवर तटबंदीचे शहर वसवले. 1285 मध्ये मंगोल पुन्हा आले, तेव्हा हे किल्ले कामी आले.

कर्नाटकातही घाबरलेली माणसे तटाआड गेली. फरक एवढाच की हे तट परक्यांचे होते. दोस्तअलीचे कुटुंब पाँडिचेरीत फ्रेंचांच्या आश्रयाला गेले. गव्हर्नर द्युमाने त्यांना मराठ्यांच्या हवाली करायला नकार दिला आणि फ्रेंचांचे वजन वाढले. नवा नवाब सफदरअली याने आपले कुटुंब मद्रासेत इंग्रजांकडे ठेवले. 1742 मध्ये त्याचा खून झाला, तेव्हा त्याचा लहान मुलगा तिथेच होता. त्या मुलाच्या नावे इंग्रजांना पाच गावे मिळाली. पेरंबूर आणि वेपेरी ही त्यांतलीच.

रघूजींना चौथाई हवी होती. ती घेऊन फौज परत गेली. मागे राहिलेल्या धनिकांना आणि नवाबांना मात्र एक गोष्ट कळली होती, की जीव आणि पैसा राखायचा तर समुद्रकाठच्या कोठीवाल्यांकडे जावे. आपण स्वाऱ्यांचे हिशेब खंडणीच्या आकड्यात मांडतो. त्यात ही पाच गावेही धरायला हवीत.