साक्षीदाराचे नाव

जानेवारी १६७४मध्ये दमणहून गोव्याकडे निघालेल्या गलबतांच्या काफिल्याने वाटेत वसईला नांगर टाकला. त्यातल्या कैद्यांना उतरवून वसईच्या तुरुंगात डांबले गेले. त्यांत एक तरुण फ्रेंच वैद्य होता, शार्ल देलाँ. काही दिवसांनी त्याला पुढे गोव्याला नेण्यात आले. आपल्यावर आरोप कोणता आणि तो केला कुणी, हे त्याला ठाऊक नव्हते. पुढची दोन वर्षे गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, कोठडीतही कुणी ते सांगितले नाही. उलट ‘तुझा गुन्हा तूच आठव आणि कबूल कर’, असा तगादा त्याच्यामागे लावला गेला.

मुलाखतीत किंवा गटचर्चेत बोलणाऱ्याची ओळख लपवण्याची शिस्त विद्यापीठांत आज पहिल्या वर्षापासून शिकवली जाते. ती विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य समाजशास्त्राची देणगी मानली जाते. वसईचा इतिहास पाहिला, तर या शिस्तीची हत्यारे त्याहून फार जुनी आहेत आणि ती आधी भलत्याच हातांत होती, असे दिसते.

गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४मध्ये वसई पोर्तुगिजांकडे आली. गोव्यात १५६०मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले आणि त्याचा अंमल आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मकावपर्यंतच्या पोर्तुगीज मुलुखावर होता. वसई, चौल, दमण अशा ठाण्यांवर त्याचे प्रतिनिधी असत. त्यांना कमिसारी म्हणत. तक्रारी ऐकायच्या, शपथेवर जबान्या लिहून घ्यायच्या, कागद गोव्याला पाठवायचे आणि हुकूम आला की माणसाला पकडून रवाना करायचे, हे कमिसारीचे काम. जबानी देणाऱ्याने आत काय बोलणे झाले ते बाहेर फोडायचे नाही, अशी शपथ घ्यायची. देलाँ तर दमणच्या कमिसारीकडे आपल्या पायांनी गेला होता. धर्माविषयी आपण काही मोकळी विधाने केली, ती आपणहून सांगून टाकली की प्रकरण मिटेल, अशी त्याची समजूत होती. तो पकडला गेलाच.

या व्यवस्थेतली सर्वांत लक्षवेधी गोष्ट जबान्यांच्या वाचनात आहे. खटला पुढे सरकला की साक्षींचा मजकूर आरोपीला वाचून दाखवत. पण त्याआधी त्यातून साक्षीदाराचे नाव, घटनेचे ठिकाण आणि वेळ काढून टाकत. उरलेल्या मजकुरावरून कोण बोलले असेल हे आरोपीने ताडायचे आणि त्या माणसाशी आपले वैर होते असे सिद्ध करता आले तर पाहायचे. आज मुलाखतीची प्रत साफ करणारा संशोधक पहिल्या फेरीत नेमके हेच तीन तपशील गाळतो: नाव, गाव, तारीख. युक्ती तीच आहे. तेव्हा तिने चहाडी करणाऱ्याला निर्भय केले आणि ज्याचा जीव टांगणीला होता त्याला आंधळे केले. आजच्या संशोधन-नीतीची पुस्तके गुप्ततेला निरपवाद सद्गुण मानून पुढे जातात, तेव्हा हा वसई-गोव्याचा अध्याय त्यांच्या परिशिष्टात तरी असायला हवा, असे वाटते.

देलाँची सुटका झाली तेव्हा त्याच्याकडूनही मौनाची शपथ घेतली होती. ती त्याने मोडली. १६८७मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि गोव्याच्या इन्क्विझिशनचे कामकाज युरोपभर वाचले गेले. कागदपत्रांचे नशीब मात्र वेगळे. जुआंव देल्गादु फिगैरा या अधिकाऱ्याने १६२३पर्यंतच्या सुमारे ३,८०० खटल्यांची केलेली सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात टिकून आहे. १८१२मध्ये इन्क्विझिशन कायमचे बंद झाले आणि मूळ दप्तर बहुतांशी नष्ट झाले. म्हणजे ज्यांच्यावर आरोप झाले त्यांची नावे उरली आणि ज्यांनी ते केले ते बव्हंशी कायमचे निनावी झाले. यापेक्षा पक्की गुप्तता कोणत्याही संशोधकाला साधणार नाही.

त्याच वसईत, त्याच काळात, दुसऱ्या जातीची गुप्तताही नांदत होती. किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि डॉमिनिकन चर्चच्या पडक्या भिंती आज लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडप्यांना उपयोगी पडतात. तिथे कधीकाळी पापनिवेदन चाले. १२१५च्या लॅटरन परिषदेने कबुलीची गोष्ट फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून जन्मभर मठात कोंडण्याची शिक्षा ठरवली होती. इथे ऐकणारा बांधलेला, सांगणारा मोकळा. शिवाय काही लिहून ठेवायचे नाही, त्यामुळे जप्त व्हायला कागदच नाही. सध्याच्या चर्च कायद्यात तर कबुलीच्या वेळी दुभाषी असला तर तोही या मौनाने बांधला जातो. कादोडी, वाडवळी किंवा कोळी बोलीतून मुलाखत घ्यायला स्थानिक मुलीला दुभाषी म्हणून सोबत नेणाऱ्या आणि तिच्याकडून कसलाही शब्द न घेणाऱ्या संशोधकांनी हे कलम जरूर पाहावे.

मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई घेतली आणि इन्क्विझिशनचा हात इथून सुटला. चर्च राहिली, ख्रिस्ती रयतही राहिली.

पुढे प्रश्न विचारायला आले ते इंग्रज सरकार. १८८२मध्ये जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. त्यात वसईच्या जातीजमातींचे पोशाख, खाणेपिणे, लग्नविधी तपशीलवार आहेत. ही माहिती कुठल्या घरातून, कुणाच्या तोंडून आली, हे वाचकाला सहसा कळत नाही. कोणती जात कष्टाळू, कोणती दारूच्या आहारी गेलेली, असे शेरे मात्र बेधडक मारलेले आहेत. एकट्या माणसाचे नाव झाकले, पण अख्ख्या समाजावर शिक्का बसला. निनावीपणाने व्यक्ती वाचते, समूह वाचतोच असे नाही. ही जाण संशोधनात फार उशिरा आली.

जनगणनेचा प्रवास जरा बरा म्हणावा लागेल. देशभर एकाच वेळी पहिली गणना १८८१मध्ये झाली. घरी येऊन माणसे मोजणारा कारकून उद्या कर लावील, ही धास्ती तेव्हा होती आणि ती पुरती गेली असे आजही म्हणवत नाही. स्वतंत्र भारताने १९४८च्या जनगणना कायद्यात तिला उत्तर दिले. १५व्या कलमानुसार गणनेच्या नोंदी पाहण्याचा हक्क कुणालाच नाही आणि त्या पुरावा म्हणून न्यायालयातही चालत नाहीत. अपवाद फक्त याच कायद्याखालच्या गुन्ह्यांचा. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा आहे. आठवे कलम त्याहून मजेदार. उत्तर देणे सर्वांना बंधनकारक, पण घरातल्या स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती कुणावर नाही आणि नवऱ्याचे नाव सांगण्याची सक्ती बायकोवर नाही. एरवी उखाण्यातच नवऱ्याचे नाव घेणाऱ्या बाईपुढे भारत सरकारने अशी कायद्याने माघार घेतली आहे!

विद्यापीठीय संशोधनाच्या वहीला असे कवच नाही. वकिलाला अशिलाचे बोलणे गुप्त ठेवण्याचे संरक्षण भारतीय पुरावा कायद्याने दिले. धर्मगुरूला दिले नाही आणि संशोधकालाही नाही. बॉस्टन कॉलेजने २००१पासून उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या सशस्त्र गटांच्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. सांगणारा जिवंत असेपर्यंत त्या बंद राहतील, असा शब्द दिला होता. २०११मध्ये ब्रिटिश तपासयंत्रणेने अमेरिकी न्यायालयामार्फत त्या मागितल्या आणि काही ध्वनिफिती द्याव्या लागल्या. न पाळता येणारा शब्द देऊ नये, हे संशोधकांना त्यातून भलत्याच किमतीला कळले.

आपल्याकडे मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने २०००मध्ये आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नीतितत्त्वे तयार झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचीही सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे त्याच वर्षी आली; ती २००६ आणि २०१७मध्ये सुधारली गेली. संमती घ्या, ओळख झाका, कागद कुलपात ठेवा, हे सगळे त्यांत आहे. अडचण अंमलाची आहे आणि वसईसारख्या ठिकाणी ती जास्तच टोचते.

याचे कारण इथल्या वस्तीच्या घडणीत आहे. वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या २०११मध्येच १२ लाखांपुढे होती. नालासोपाऱ्याच्या इमारतीत शेजारच्या दारावरचे नाव ठाऊक नसते. पश्चिमेच्या पट्ट्यात, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी इथे चित्र उलटे. बाप्तिस्म्याबरोबर आलेली पोर्तुगीज आडनावे मूठभर. एका गावात डझनभर घरांत तेच आडनाव, त्यामुळे माणूस ओळखला जातो तो आळीवरून, धंद्यावरून, आजोबांच्या टोपणनावावरून. अहवालात नाव बदलून ‘पन्नाशीतली सामवेदी ख्रिस्ती शिक्षिका, नवरा आखातात, घरची वाडी बिल्डरला विकलेली’ एवढे लिहिले, तर परक्या वाचकाला काही कळणार नाही, पण रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात दहा मिनिटांत तिचे नाव निघेल. १९८९मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि २००९मध्ये महापालिका झाल्यावर ती नको म्हणून गावे रस्त्यावर उतरली. जमीन, पाणी आणि बांधकाम यांवर बोलणे म्हणजे शेजाऱ्याच्या, भावकीच्या व्यवहारावर बोलणे होते. अशा जागी काय लिहायचे यापेक्षा काय गाळायचे, हे ठरवण्यातच संशोधकाची अर्धी अक्कल खर्च व्हायला हवी.

अमेरिकेतल्या एका खेड्याने हे आपल्या पद्धतीने शिकवले होते. आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन यांनी १९५८मध्ये गावाला ‘स्प्रिंगडेल’ असे खोटे नाव देऊन पुस्तक काढले. गावकऱ्यांनी पात्रे चटकन ओळखली. त्या वर्षीच्या ४ जुलैच्या मिरवणुकीत मुखवटे घातलेली माणसे पुस्तकातली खोटी नावे मिरवत निघाली. शेवटच्या गाडीत शेणखत होते आणि त्यात लेखकाचा पुतळा.

गटचर्चेत तर गुप्ततेची किल्ली संशोधकाच्या हातातच नसते. १९४१मध्ये न्यूयॉर्कमध्ये पॉल लाझार्सफेल्ड यांनी रॉबर्ट मर्टन यांना रेडिओ श्रोत्यांवरचा एक प्रयोग पाहायला नेले, त्यातून ही पद्धत वाढली. ते श्रोते एकमेकांना अनोळखी होते. वसईच्या बचतगटातल्या आठ बाया एकमेकींच्या नणंदा-जावा असतात. संशोधक स्वतःपुरता शब्द देऊ शकतो, सात जणींच्या वतीने नाही. म्हणून जाणती कार्यकर्ती ‘तुमच्या घरी मारहाण होते का’ असे गटात विचारत नाही. ती एका काल्पनिक बाईची गोष्ट सांगते, ‘तिने काय करावे’ एवढेच विचारते आणि उरलेले बोलणे एकटीदुकटीने, दुसऱ्या दिवशी.

२०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संशोधनाला ठरावीक अटींवर सूट दिली आहे. गोळा केलेल्या माहितीवरून त्या व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाता कामा नये, ही त्यांतली मुख्य अट. दरम्यान १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून पुढची जनगणना ठरली आहे आणि तीत सर्वांची जात विचारली जाणार आहे. वसईत हा प्रश्न सामवेदी, वाडवळ, कोळी अशा ओळखी जपलेल्या ख्रिस्ती घरांतही पोचेल. उत्तर मोबाइलवर नोंदले जाईल. १९४८च्या कायद्याचे १५वे कलम त्यालाही लागू राहील, आणि नवऱ्याचे नाव न सांगण्याची मुभा देणारे आठवेही.