गाळाखालचा लाव्हा आणि लंबक

संग्रामपूर तालुक्यातलं वरवट बकाल पूर्णेच्या गाळाच्या सपाट प्रदेशात वसलं आहे. काळ्या मातीखाली गाळ, त्याखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्ट. तो इथे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दख्खनच्या ज्वालामुखीचा इतिहास घाटातल्या उघड्या थरांपुरता मानणं अपुरं आहे. झाकलेला भाग गुरुत्वमापनातून कळतो. हलका गाळ गुरुत्वाची ओढ कमी करतो, जड कातळ वाढवतो. 1865 पासून भारतीय सर्वेक्षण खात्याचे कॅप्टन बेसेव्ही ही ओढ जाणण्यासाठी निर्वात पेटीत लंबक झुलवून त्याचे हेलकावे मोजत. याच कामात 1871 मध्ये लडाखच्या उंचीवर त्यांचा मृत्यू झाला. पुढे मुंबईजवळ ओढ ठळकपणे जास्त आढळली, आणि अभ्यासकांनी तिचं कारण खोलवर थिजलेल्या जड शिलारसात शोधलं.

हवाई बेटावरच्या किलावियासारख्या जाग्या ज्वालामुखीवर हेच मोजमाप पुन्हापुन्हा घेऊन शिलारसाची हालचाल ताडतात. आक्षेप रास्त आहे: एकाच आकड्याची अनेक स्पष्टीकरणं संभवतात. जमीन एक मीटर उचलली तर ओढ सुमारे 308 मायक्रोगॅलने (गुरुत्व मोजण्याचं सूक्ष्म एकक) घटते, आणि एक मीटर जाडीच्या पाण्याच्या थराने 42 ने वाढते. पण उंची आणि विहिरींची पातळी सोबत मोजली की ही गल्लत बरीच सुटते. खोलीचा निर्णय मात्र बोअरच देतो. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं, तेव्हा बेसाल्ट 338 मीटर जाड निघाला.