'गुमनाम'च्या तबकडीवर नसलेली नावं

1965 साली राजा नवाथे यांचा 'गुमनाम' आला. त्यातलं 'जान पहचान हो' हे क्लबातलं गाणं आठवत असेल. मोहम्मद रफींचा आवाज, शंकर-जयकिशन यांचं संगीत आणि डोळ्यांवर मुखवटा लावून बेभान नाचणारी लक्ष्मी छाया. पश्चिमेत तोवर बीटल्सची लाट आली होती, सुरुवातीचा रॉक अँड रोल जुना झाला होता. मुंबईने मात्र त्याच्यात नव्याने जान ओतली. पुढे 2001 साली 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकी सिनेमाची सुरुवातच या गाण्याने झाली. 2011 मध्ये ते एका परदेशी बिअरच्या जाहिरातीत वाजलं आणि नव्या पिढीने रफींना शोधून काढलं.

रफींचा आपल्याला अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण हिंदी सिनेमातल्या गंगा-जमनी परंपरेविषयी लिहिताना आपण चार मोठी नावं घेतो आणि थांबतो. माझा प्रश्न आहे, त्या गाण्यातलं गिटार, ट्रम्पेट, ड्रम कुणाचे?

पडद्यावर 'टेड लायन्स अँड हिज कब्ज' हा बँड दिसतो. पण सिनेमात गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि चित्रीकरण नंतर. त्यामुळे पडद्यावरचा वादक आणि तबकडीवरचा वादक एकच असेल असं नाही. तबकडीच्या लेबलावर सिनेमा, गायक, संगीतकार, गीतकार एवढीच नावं छापायची पद्धत होती.

गायकांनाही ही जागा सहज मिळालेली नाही. 'महल' (1949) मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी पडद्यावरच्या पात्राचं, 'कामिनी'चं नाव होतं. गायकांचं नाव पुढे आलं, वादक मागेच राहिले.

या वादकांत गोव्याचे ख्रिस्ती कलावंत मोठ्या संख्येने होते. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जाई. मुंबईत तेच कामी आलं. संगीतकार चाल गुणगुणायचा, अरेंजर ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून द्यायचा. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं हे काम गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांनी केलं. तालाची बाजू सांभाळणारे त्यांचे सहायक दत्ताराम वाडकर. पंजाबातले रफी, गोव्याचे सेबॅस्टियन, गुजरातचे जयकिशन, मराठी दिग्दर्शक. ही सरमिसळ कुणी भाषणात सांगून झाली नाही, ती रोजच्या मजुरीच्या कामातून झाली.

आमच्या पालममध्ये वरात निघते तेव्हा बँडच्या गाडीवर मालकाचं नाव ठळक रंगवलेलं असतं. क्लॅरिनेट फुंकून घसा कोरडा झालेल्या माणसाचं नाव कुणी विचारत नाही. मुसलमानांचं, ख्रिश्चनांचं, दलितांचं योगदान मोजताना आपणही गाडीवरचंच नाव वाचतो आणि बाकीच्यांना पुन्हा एकदा गुमनाम करतो.

एका शिष्याने मात्र हे ऋण फेडलं. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे गोव्याचे अँथनी गोन्साल्विस. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभच्या पात्राला त्यांचंच नाव मिळालं. देशभर लोकांनी ते नाव गुणगुणलं, तेही एका खऱ्या वादकाचं नाव आहे याची कल्पना नसताना. निदान आपण तरी ते माहीत करून घेऊ या.