सांगलीची तार, साताऱ्याची पेटी

श्रोतेहो, भजनात पेटी नाही असं गाव आपल्याकडे विरळाच. पण याच पेटीला 1940 साली ऑल इंडिया रेडिओने दार बंद केलं होतं. बंदी 1971 पर्यंत टिकली. आक्षेप असा, की पेटीचे सूर ठरीव. आपल्या गाण्यातल्या श्रुती आणि मींड तिच्यातून निघत नाहीत.

गंमत पाहा. यातलं श्रुतींचं दुखणं आपल्याच मुलखात तीस वर्षं आधी ओळखलं गेलं होतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांनी गावं आणि देवलांनी तो सूर तारेवर धरून तारेची लांबी मोजावी, असा उद्योग चाले. 1910 साली देवलांनी 22 श्रुतींवर पुस्तकच काढलं.

शिक्षकबंधूंनो, हा प्रयोग शाळेतही होईल. फळीवर दोन घोड्यांमध्ये 36 इंच तार ताणा. मोकळी तार म्हणजे षड्ज. 24 इंचांवर पंचम, 28.8 इंचांवर गंधार. पेटीचा गंधार मात्र सुमारे 28.6 इंचांवर पडतो. फरक पाव इंचाहून कमी, पण तंबोऱ्याशेजारी तो कानाला टोचतो. कोणत्याही पट्टीतून वाजवता यावं म्हणून पेटीत सप्तकाचे 12 सारखे भाग केलेले असतात, त्याचा हा परिणाम.

साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमेंट्स यांना हे पटलं. दोघांनी मिळून श्रुतींची पेटी करवून घेतली. पितळी सूर टोकाशी घासला तर चढतो, मुळाशी घासला तर उतरतो. कारागिरी तीच, मोजमाप नवं.

1916 साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ही पेटी मांडली गेली. पंडित भातखंडे आदी जाणकारांना ती मानवली नाही. गवई रागागणिक सूर किंचित हलवतो. मग कुणाचं माप खरं?

पेटी मागे पडली, प्रश्न उरला. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी पुन्हा घडवली. विजेच्या तंबोऱ्यात तर खुंटीऐवजी बटण फिरवलं की सूर हलतो. पण तो कुठे थांबवायचा, हे बटणाला कळत नाही. ते कानालाच ठरवावं लागतं. तेव्हा उद्या भजनाला बसाल, तेव्हा पेटीचा गंधार जरा कान देऊन ऐका.