सोपाऱ्याचा पूर्ण आणि दर्यापारचा व्यापार

आपल्या वस्तीत एखादा मुलगा धंदा काढतो म्हटला की घरातली वडीलधारी माणसे पहिला प्रश्न विचारतात, "भांडवल कुठून आणणार?" आणि लगेच दुसरा, "त्या लाइनीत आपलं कोण आहे?" पहिल्या प्रश्नाला आज बँक, महामंडळ, पतपेढी अशी काही ना काही उत्तरे देता येतात. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र गाडी अडते. त्यातून धंदा परमुलखात न्यायचा असेल तर बघायलाच नको! तिथे आपले नाव, गाव, घराणे कोणाला ठाऊक? अनोळखी माणसाला उधारीवर माल कोण देणार, आणि त्याच्या शब्दावर जहाज कोण सोडणार?

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आजचा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतल्या व्यापाऱ्यांपुढे तो उभा होता. त्यांनी तो कसा सोडवला याच्या खुणा आपल्या लेण्यांच्या भिंतींवर आणि पाली-संस्कृत ग्रंथांत शिल्लक आहेत. शाळेच्या पुस्तकात त्या फारशा येत नाहीत, म्हणून या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

अंगुत्तर निकायात 'पापणिक सुत्त' नावाचे एक छोटे सुत्त आहे. पापणिक म्हणजे दुकानदार. ज्या दुकानदाराला थोड्या काळात भरभराट पाहायची आहे, त्याच्या अंगी तीन गोष्टी हव्यात असे तथागत तिथे सांगतात. तो चक्खुमा हवा, म्हणजे डोळस. माल कोणता, केवढ्याला घेतला, केवढ्याला गेला तर नफा किती, हे त्याला कळले पाहिजे. तो विधुर हवा. आपल्या आजच्या मराठीतला विधुर नव्हे! इथे अर्थ आहे खरेदी-विक्रीत तरबेज. आणि तिसरे म्हणजे तो निस्सयसंपन्न हवा. निस्सय म्हणजे आधार, आश्रय. गावातल्या धनवान माणसांना त्याची पारख झालेली असते. हा माणूस हुशार आहे, बायकापोरे सांभाळून आपले देणेही वेळच्या वेळी फेडील, असे त्यांना वाटते आणि ते आपणहून त्याच्याकडे पैसा सोपवतात. हा उपदेश भिक्खूंना साधनेचा मार्ग समजावा म्हणून दुकानदाराच्या दाखल्याने केलेला आहे हे खरे. पण दाखलाच इतका नेमका आहे की बाजाराची रीत त्या काळी किती बारकाईने पाहिली गेली होती हे त्यावरून कळते.

पहिले दोन गुण माणूस शिकून मिळवू शकतो. तिसरा गुण दुसऱ्याने ओळखावा लागतो, आणि दुसऱ्याने तो ओळखायचेच नाकारले तर? बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. १९१७ साली ते अमेरिका आणि इंग्लंडमधून शिकून परत आले. बडोद्यात राहायला जागा मिळेना, म्हणून मुंबईला आले. इथे त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी पेढी काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस! चक्खुमा आणि विधुर म्हणून त्यांच्या तोडीचा तेव्हाच्या मुंबईत कोण होता? सुरुवातीला गिऱ्हाईक आले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळताच येणारे यायचे बंद झाले आणि पेढी गुंडाळावी लागली. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्या होती, बुद्धी होती. दार बंद झाले ते तिसऱ्या गुणापाशी.

म्हणून सोपाऱ्याच्या पूर्णाची कथा मला फार महत्त्वाची वाटते. ती 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथात आहे. कथा आहे, तिला इतिहासाचा दाखला म्हणून जसेच्या तसे धरू नये. पण बंदरातला व्यवहार कसा चाले हे ती लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

सोपाऱ्याचा गृहपती भव आजारी पडला, तेव्हा बायकोमुलांनी त्याला टाकले. घरातल्या दासीने सेवा करून त्याला वाचवले. तिला भवापासून झालेला मुलगा म्हणजे पूर्ण. भवाच्या मागे धाकट्या दोघा भावांनी वाटणीचा हट्ट धरला. एका वाट्यात घर आणि शेत, दुसऱ्यात दुकान आणि परदेशात गुंतलेला माल, आणि तिसऱ्या वाट्यात काय, तर पूर्ण! दासीचा मुलगा म्हणून त्यालाच मालमत्तेत धरले. थोरला भाऊ भविल भला माणूस होता. त्याने पूर्णाला आपल्या वाट्याला घेतले. दोघे रिकाम्या हातांनी घराबाहेर पडले.

पुढे बंदरात परमुलखातून पाचशे व्यापारी माल घेऊन येतात. सोपाऱ्याच्या वणिग्ग्रामाने, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघाने, आधीच ठराव केलेला असतो की आलेला माल कोणी एकट्याने घ्यायचा नाही, सगळ्यांनी मिळून घ्यायचा. एकट्या गिऱ्हाइकापुढे विकणाऱ्याला भाव पाडावा लागतो, हे उघड आहे. पूर्ण मात्र सरळ जाऊन भाव विचारतो, तो मान्य करतो, इसार देतो, मालावर आपली मोहोर उठवतो आणि बाकीची रक्कम माल विकून देतो म्हणतो. संघाचे लोक चिडतात. त्याला दंड करतात, उन्हात उभे करतात. प्रकरण राजापर्यंत जाते. राजा एकच प्रश्न विचारतो: ठराव केला तेव्हा पूर्णाला किंवा त्याच्या भावाला बोलावले होते का? नव्हते बोलावले. मग तो ठराव त्याला लागू कसा? संघ निरुत्तर होतो. पुढे राजालाच त्यातल्या काही वस्तू हव्या असतात, तेव्हा त्याच संघाला पूर्णाच्या दारात जाऊन दुप्पट दराने माल घ्यावा लागतो.

ही गोष्ट वाचताना मला बोलावणे न आलेल्या सगळ्या बैठका आठवतात! पण पूर्णाने इथे नेमके काय केले तेही बघा. आपल्या बंदरातल्या लोकांनी त्याला बाहेर ठेवले, तेव्हा त्याने बाहेरून आलेल्यांशी थेट संबंध जोडला. परक्या व्यापाऱ्यांना त्याच्या आईचे कूळ विचारायचे कारण नव्हते. इसार रोख मिळाला, बाकी ठरल्याप्रमाणे पोचली, एवढ्यावर त्यांच्यापुरती त्याची पत ठरली.

पुढे पूर्ण सहा वेळा समुद्रपार जाऊन सुखरूप परत येतो. त्याचा लौकिक ऐकून श्रावस्तीचे व्यापारी त्याला सातव्या सफरीला गळ घालतात. जहाजावर ते रात्री आणि पहाटे काही तरी म्हणत असतात. पूर्ण म्हणतो, गाणी छान आहेत. ते सांगतात, ही गाणी नव्हेत, बुद्धवचन आहे. तेथून तो श्रावस्तीला अनाथपिंडिकाकडे जातो. अनाथपिंडिकाला वाटते, समुद्राला कंटाळून हा आता खुष्कीच्या व्यापारात उतरला असेल! त्याला हवी असते प्रव्रज्या. आणि स्वतः अनाथपिंडिक भगवंतांपर्यंत कसा पोचला होता? तो कामानिमित्त राजगृहाला मेहुण्याकडे उतरला होता; तो मेहुणाही श्रेष्ठी. तिथे संघाच्या भोजनाची तयारी चाललेली पाहून त्याने चौकशी केली. धम्म ज्या वाटांनी पसरला, त्यांपैकी एक वाट ही अशी होती: सोयरीक, पेढी, जहाज आणि सहप्रवासी.

आता कथेतून शिलालेखांकडे येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण, चौल आणि भडोच यांची नावे येतात. पैठणहून भडोचला वीस दिवसांची वाट, आणि तगर म्हणजे आजचे तेर पैठणपासून दहा दिवसांवर, असे तो लेखक सांगतो. तेरहून कापड येई. पश्चिमेकडून तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, नाणी आणि दारू येत असे. राजांसाठी गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी मुलीही आणल्या जात. म्हणजे उपासकाने करू नयेत म्हणून सांगितलेल्या पाच व्यापारांपैकी दोन, मद्याचा आणि माणसांचा, याच बंदरांत राजरोस चालत होते. त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही.

या व्यापाराला वाऱ्याचे बंधन होते. इजिप्तहून जहाज जुलैच्या सुमारास निघे आणि परतीचा वारा डिसेंबर-जानेवारीत मिळे. मधले महिने परक्या मुलखात काढायचे. माल नाणेघाट चढवून जुन्नरला न्यायचा, घाटमाथ्याच्या बाजारातून नवा उचलायचा, आणि त्यासाठी बैलवाले, अडते, कोष्टी, राजाचे अधिकारी अशा सगळ्यांशी ओळख हवी. ही ओळख व्हावी अशा जागा कमी होत्या. त्यांतली एक म्हणजे घाटवाटांच्या कडेला कोरलेली आपली लेणी.

कार्ल्याचे चैत्यगृह पाहा. पुष्कळ जण सहलीला जातात, फोटो काढतात आणि खांबांवरची अक्षरे न पाहता परत येतात! हे चैत्यगृह उभारल्याचा लेख आहे वैजयंतीच्या म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या भूतपाल श्रेष्ठीचा. खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची नावे आहेत: सिंहधय, धम्म, यसवधन. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. नावे मात्र पाहा, किती इथली झाली आहेत! त्याच चैत्यगृहात गंधी, म्हणजे अत्तरवाला, आहे, सुतार आहे, सोपाऱ्याहून आलेला भाणक आहे, धेनुकाकटचा वाणियगाम, म्हणजे व्यापाऱ्यांचा अख्खा संघ आहे. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली आणि दुसऱ्या एका यवनाने भोजनमंडप. नाशिकला उत्तरेकडचा यवन इंद्राग्निदत्त याने लेणे कोरविले. श्रेष्ठी, सुतार आणि परदेशी यांची नावे एकाच छताखाली, एकाच लिपीत कोरलेली आहेत. जातीवर चालणाऱ्या बाजारात असे दृश्य मिळणे कठीण.

हे दान जाहिरातीसाठी होते असे मी म्हणत नाही. पुण्यासाठी दिले असे दात्यांनीच लिहून ठेवले आहे आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवायचे कारण नाही. पण वर्षावासात विहारात येणाऱ्या-जाणाऱ्याला कळत होते की अमक्या गावचा अमका इथे आला होता आणि दिलेला शब्द त्याने दगडात उतरवला.

विश्वास नुसत्या तोंडओळखीवर सोडलेला नव्हता, हे नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतल्या उषवदाताच्या लेखावरून दिसते. उषवदात हा क्षहरात नहपानाचा जावई, शक घराण्यातला. त्याने संघासाठी ३००० कार्षापणांची कायमची ठेव गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एकीकडे २०००, व्याज दरमहा शेकडा १. दुसरीकडे १०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. यालाच 'अक्षयनीवी' म्हणत. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे ठरले. आता हिशोब करून पाहा: २००० वर दरमहा २० व्याज, वर्षाचे २४०, आणि २० भिक्खूंना १२ प्रमाणे २४०. पै न पै जुळते! हा व्यवहार निगमसभेत ऐकवला आणि फलकावर नोंदवला असेही लेखात आहे. बाहेरून आलेल्या घराण्यातला माणूस स्थानिक कोष्ट्यांवर विसंबतो, कोष्ट्यांच्या हाती खेळते भांडवल येते, संघाची सोय होते आणि गावासमोर नोंद राहते. निस्सय म्हणतात तो हाच, फक्त लेखी.

आपल्या विहारात रविवारच्या वंदनेला सुतारकाम करणारे, शिवणकाम करणाऱ्या, वायरमन, हिशोब लिहिणारे, आखातात नोकरी करून आलेले असे किती जण शेजारी शेजारी बसतात. एकमेकांचा धंदा मात्र लग्नाच्या पंगतीत कळला तर कळतो. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर, 'डिक्की', सुरू झाले ते ही उणीव भरून काढण्यासाठीच. पण मोठ्या संस्थेपर्यंत पोचण्याआधी गल्लीतल्या माणसाला माणूस माहीत हवा. विहाराच्या फळ्यावर वर्गणीच्या यादीशेजारी कोण काय करतो एवढे लिहायला खडूशिवाय काय लागते?

आपल्या किनाऱ्यावरची माणसे परमुलखात कुठवर पोचली होती याचे पुरावे अलीकडेच हाती आले आहेत. एडनच्या आखाताच्या तोंडाशी सोकोत्रा नावाचे बेट आहे. तिथल्या होक गुहेत २००० साली बेल्जियमच्या गुहासंशोधकांना खोल अंधारात खडकांवर लिहिलेली अक्षरे सापडली. त्यांत बहुसंख्य लेख ब्राह्मी लिपीतले, भडोचसारख्या बंदरांतून आलेल्या भारतीयांनी आपली नावे लिहिलेले. पुढे तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या इजिप्तमधल्या बंदरात इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात २०२२ च्या जानेवारीत बुद्धमूर्ती मिळाली. ७१ सेंटिमीटर उंच, काळ सुमारे दुसरे शतक. तिथेच रोमन बादशहा फिलिप (इ. स. २४४ ते २४९) याच्या काळातला एक संस्कृत लेखही निघाला आहे.

या मूर्तीचा संगमरवर आजच्या इस्तंबूलच्या दक्षिणेकडचा, आणि ती घडवली बहुधा अलेक्झांड्रियात, असे अभ्यासक सांगतात. मस्तकाभोवती प्रभावळ आहे, तिच्यावर सूर्यकिरण कोरले आहेत. बाजूला कमळ आहे. ज्या कारागिराने ती घडवली त्याने भारत पाहिला असण्याची शक्यता कमीच. केसांची वळणे कशी, चीवर खांद्यावरून कसे येते, कमळ कोणत्या बाजूला, हे त्याच्या शेजारी उभे राहून, मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये का होईना, कोणीतरी त्याला समजावून सांगितले असले पाहिजे.